कापड शिकायला विद्यापीठ कशाला?

टेक्स्टाइल डिझाइनची पदवी हवी कशाला, हा वाद दर दोन-चार वर्षांनी नवा सदरा घालून येतो. यंदाचा सदरा एआयचा आहे. कुणीतरी संगणकाला 'निळ्यावर पांढरी फुलं, मधून पक्षी' असं सांगतं, मिनिटभरात पडद्यावर चाळीस नमुने उमटतात, आणि मग विजयी मुद्रेने विचारलं जातं: हे होत असताना एखाद्या मुलीने तीन-चार वर्षं आणि घरच्यांचा पैसा यात का घालावा? समोरची बाजू लगेच सर्जनशीलतेची ढाल पुढे करते. 'यंत्राला मन नसतं' म्हणते. कुणी माजी विद्यार्थ्यांच्या नोकऱ्यांची यादी वाचून दाखवतं. वाद रंगतो, पण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासताच मान्य केलेली असते: टेक्स्टाइल डिझाइन म्हणजे कापडावर काढायचं चित्र. एकदा हे मान्य केलं की पदवीच्या बाजूने बोलणारे हरलेच. चित्र काढण्यात यंत्र वेगवान आहे, स्वस्त आहे, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच पदवीधरांपेक्षा वाईटही नाही.

माझं म्हणणं असं, की शिकायचं असतं ते कापड. चित्र हा त्याचा एक भाग, आणि तोही त्यातल्या त्यात सोपा. कापड हा विषय विद्यापीठात शिकवावा इतका खोल आहे. तो तिथे शिकवला नाही, तर नीट शिकण्याची संधी ज्यांच्या घरात आधीच माग आहे किंवा पैसा आहे त्यांनाच मिळेल. पण हेच म्हणणं उलटही लागू होतं. ज्या विभागात माग नाही, रंगाचं भांडं नाही, सूत हातात घ्यायला मिळत नाही आणि सगळी वर्षं पडद्यावर रिपीट, म्हणजे नक्षीचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, जुळवण्यात जातात, त्या विभागाला उद्या टाळं लागलं तर मी हळहळणार नाही.

दुसऱ्या वर्षाला असताना मी एक मोठं पान काढलं होतं. वीतभर लांब, नाजूक शिरा, टोकाला किंचित वळण. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर, कागदावरच्या त्या पानाचं कौतुक झालं. मग ते जॅकार्ड मागावर, म्हणजे गुंतागुंतीची नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलं. पानाच्या भरीव भागाला चमक हवी, म्हणून मी बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे लांबच लांब वर सोडले होते, मध्ये कुठे बांधलेच नव्हते. कापड मागावरून उतरलं तेव्हा देखणं दिसत होतं. मागावर काम करणाऱ्या काकांनी ते हातात घेतलं, पानावरून अंगठ्याचं नख हलकेच फिरवलं, आणि चार धागे वर ओढले गेले ते तसेच लोंबत राहिले. "बाळा, हे पान नखात अडकतंय," काका म्हणाले, "अंगठीत काय होईल?" असा लांब सुटलेला धागा म्हणजे फ्लोट, आणि त्याच्या लांबीला मर्यादा असते, हे मला वर्गात सांगितलेलं होतं. वहीत लिहूनही घेतलं होतं. कळलं मात्र त्या नखाखाली. पुढचे तीन आठवडे मी त्या पानात बांधणीचे ठिपके पेरत बसले होते: कसे पेरले म्हणजे धागा सुटणार नाही आणि चमकही मरणार नाही. सॅटिनच्या विणीची सगळी गंमत यातच आहे. ठिपके असे विखरायचे, की त्यांची रेघ डोळ्याला दिसू नये.

हा नुसता हातचलाखीचा भाग नाही, त्यामागे विचार आहे, आणि तो किती खोल जातो ते पाहायचं असेल तर कागदावर चार बाय चारची चौकट आखा. उभी ओळ ताण्याची, आडवी बाण्याची. प्रत्येक घरात एकच निर्णय घ्यायचा, ताणा वर की बाणा वर. सोळा घरं, म्हणजे ६५,५३६ मांडण्या. कुठलाही धागा सतत वर किंवा सतत खाली राहता कामा नये, एवढी किमान अट घातली तर उरतात २२,८७४. त्यांतल्याही काही मांडण्या मागावर चढवल्या की कापड दोन थरांत सुटं होतं, कारण काही धागे एकमेकांत गुंतलेलेच नसतात. नवख्याच्या हातून झाली तर ती चूक, जाणत्याने केली तर दुहेरी कापड. हा हिशोब फक्त चार-चार धाग्यांचा आहे आणि त्यात सूत एकच धरलंय. सुताला पीळ जास्त द्या, मग तीच साधी वीण धुतल्यावर आकसून क्रेपसारखी सुरकुतते. धागे विरळ ठेवा, तेच कापड हातातून सांडल्यासारखं होतं. संगणकाने काढलेलं फूल यांतल्या कुठल्या विणीत, कुठल्या सुतात बसवायचं, हे संगणकाने सांगितलेलं नसतं, कारण त्याला ते कुणी विचारलेलं नसतं. विचारणाऱ्याला मुळात असा प्रश्न असतो हेच ठाऊक नाही.

रंगाचंही तसंच. पडद्यावरचा लाल हा एक आकडा असतो. कापसावरचा लाल वेगळा, लोकरीवरचा वेगळा, पॉलिएस्टरवरचा आणखी वेगळा, कारण प्रत्येक तंतूला धरणारं रसायन वेगळं आहे. १९५६ मध्ये बाजारात आलेले रिअ‍ॅक्टिव्ह रंग कापसाच्या रेणूशी थेट बंध जोडतात. पॉलिएस्टरला त्यांचं काहीच देणंघेणं नसतं, त्याला डिस्पर्स रंग आणि भरपूर उष्णता लागते. कापूस आणि पॉलिएस्टर मिसळलेलं सूत रिअ‍ॅक्टिव्ह रंगात बुडवलं तर कापूस रंगतो, पॉलिएस्टर पांढरं राहतं आणि कापड ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. ज्याला हे माहीत नाही तो म्हणतो माल बिघडला. ज्याला माहीत आहे तो तेच मुद्दाम घडवून आणतो.

आता समोरच्यांचा मुद्दा प्रामाणिकपणे घेऊ. एआयमुळे कामं जाणार नाहीत असं मी म्हणणार नाही. जाणार. स्वस्त छापील कापडाला हंगामागणिक फुलं-पानं पुरवण्याचं काम बरंचसं जाईलच, आणि ज्यांचं जाईल त्यांना 'तुम्ही खरं डिझाइन करतच नव्हता' असं ऐकवणं दुष्टपणाचं आहे. पण काम जाणं वेगळं आणि विद्या निरुपयोगी होणं वेगळं. कापडाच्या इतिहासात हे एकदा स्पष्ट घडून गेलंय. जॅकार्डच्या आधी नक्षीचं रेशीम विणायला मागापाशी दोघं लागत: एक विणकर, आणि दुसरा क्रमाने दोऱ्यांचे जुडगे ओढून ताण्याचे ठरावीक धागे उचलून देणारा, बहुधा एखादं पोर. १८०४ च्या सुमारास ल्यों शहरातल्या जोसेफ-मारी जॅकार्डने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांकडून तेच काम करून घेतलं. पोराचं काम गेलं. नक्षी आखणाऱ्याचं काय झालं? त्याची जबाबदारी वाढली. एकेका घराचा निर्णय आधीच कागदावर, चौकटीत, बिनचूक घ्यायला लागला. १८३९ मध्ये खुद्द जॅकार्डचं चित्र रेशमात विणलं गेलं तेव्हा त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते. बघणाऱ्याला ते छापलेलंच वाटावं इतकं बारीक काम. गणनयंत्राच्या मागे लागलेल्या चार्ल्स बॅबेजने त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवली होती. गंमत बघा, संगणकाच्या घराण्यातला एक पूर्वज मागाशेजारी वाढला आणि त्याचाच वंशज आज मागाला विचारतोय, तुझं आता काम काय?

दुसरा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे, आणि तो सहसा तितक्या वजनाने मांडला जात नाही. तो असा: जगातलं सर्वोत्तम कापड ज्यांनी विणलं त्यांच्याकडे कुठलीही पदवी नव्हती. कबूल. प्राचीन पेरूच्या विणकरांकडे तर लिपीही नव्हती, आणि तरी दुहेरी कापड, टॅपेस्ट्री, जाळीदार गॉझ असं जवळजवळ सगळं त्यांनी करून ठेवलं, तेही बऱ्याचदा कमरेला पट्टा बांधून ताण द्यायच्या साध्या मागावर. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकलेल्या अ‍ॅनी अल्बर्सने १९६५ मध्ये विणकामावर पुस्तक काढलं, ते तिने याच विणकरांना आपले थोर गुरू म्हणून अर्पण केलं. शिकलेल्यांनी कान पकडावा अशीच ही जागा आहे.

पण मग हाच तर्क जरा पुढे नेऊ. घरं, पूल, देवळं पदवीशिवाय हजारो वर्षं बांधली गेली. गवंड्याच्या हातात जे होतं ते आजच्या कित्येक वास्तुविशारदांच्या हातात नाही. म्हणून आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम बंद करा असं कुणी म्हणतं का? सुईणींनी पिढ्यान् पिढ्या बाळंतपणं केली, म्हणून वैद्यकाची पदवी फुकट जाते का? हा प्रश्न नेमका कापडाच्याच वाट्याला का येतो? मला वाटतं, त्याचं उत्तर फारसं गोड नाही. विणणं-टिपणं, रंगसंगती बघणं ही 'बायकांची कामं', आणि बायकांच्या कामात शिकण्यासारखं काय असणार, ही समजूत अजून मेलेली नाही. १९१९ मध्ये वायमारला सुरू झालेल्या बाउहाउसने स्त्री-पुरुषांना सारखा प्रवेश जाहीर केला, आणि मग आलेल्या मुलींना बहुतकरून विणकाम विभागात पाठवलं. अ‍ॅनी १९२२ मध्ये तिथे आली ती चित्रकलेच्या ओढीने. तिला काचेचं काम करायचं होतं. मिळालं सूत, आणि सुरुवातीला ती त्यावर नाराजच होती.

त्या विभागाची पुढची हकिगत या वादात दोन्ही बाजूंनी वाचायला हवी. विभागात माग होते, उत्साह होता, रंग-आकारांचे सिद्धांत सांगणारे नामवंत चित्रकार होते. कापड रंगवायचं कसं, मागाचं तंत्र काय, हे धड सांगणारं कुणी नव्हतं. मग १९२२ मध्ये गुंटा श्टोल्झ्ल आणि बेनिटा ओटे या दोघी उठून क्रेफेल्डला गेल्या. ते रेशीमधंद्याचं गाव. तिथल्या व्यवसायशाळेत त्या रंगाई शिकल्या, आणि पुढे दोन वर्षांनी परत जाऊन विणाईचं तंत्र शिकून आल्या. सर्वांत आधुनिक म्हणवणाऱ्या कलाशाळेतल्या मुली कारागिरांच्या शाळेत जाऊन बसल्या. तेव्हा विद्यापीठाने स्वतःला पुरेसं समजू नये, हे खरंच. पण क्रेफेल्डमध्ये जे शिकवत होते ते रेशमाच्या ठरलेल्या मालासाठी शिकवत होते. ते ज्ञान बाउहाउसला परत आल्यावर त्याचं काय झालं? १९३० मध्ये अ‍ॅनी अल्बर्सने पदविकेसाठी एक कापड केलं. बेर्नाऊला हानेस मायरने बांधलेल्या कामगार संघटनेच्या शाळेतल्या सभागृहाच्या भिंतीसाठी ते होतं. सभागृहात आवाज घुमत होता. तिने कापडाच्या मागच्या बाजूला शेनिल, म्हणजे मखमलीसारखं लवदार सूत, घातलं, म्हणजे आवाज जिरेल, आणि पुढच्या बाजूला सेलोफेन, म्हणजे उजेड परतेल. त्यावर फूल नाही, पान नाही, पक्षी नाही. भिंतीने काय करायला हवं, असा प्रश्न विचारून विणलेलं कापड आहे ते. कुठल्या गिरणीने तिला हे करायला सांगितलं असतं? गिरणीला विचारायचं असतं किती मीटर आणि कधीपर्यंत. आणि क्रेफेल्डची विद्या हाताशी नसती, तर नुसत्या कल्पनेला कापडात आणायला कोण आलं असतं?

विद्यापीठ म्हणजे माझ्या लेखी एवढंच: जिथे ताणा वाया घालवायची मुभा असते. ही मुभा किती महाग आहे हे ताणा भरणाऱ्यालाच कळतं. तीस सेंटिमीटर रुंदीचा साधा नमुना करायचा, सेंटिमीटरला वीस धागे, तर सहाशे धागे. एकेक धागा क्रमाने त्याच्या तारेच्या डोळ्यातून काढायचा, मग फणीच्या फटीतून. चारशेव्या धाग्यावर कळतं की दोनशे तेरावा चुकलाय. नवशिक्याचे दोन दिवस यात जातात, आणि त्यानंतर जे विणलं जातं ते कदाचित फेकून द्यायचंच असतं. कारखान्यात असा वाया गेलेला ताणा नुकसान म्हणून लिहिला जातो. घरच्या मागावर तो त्या आठवड्याच्या मजुरीतून जातो. विद्यापीठात तो गृहपाठ असतो. नवीन काही सापडायचं असेल तर कुणाला तरी हे नुकसान परवडलं पाहिजे.

इथे विल्यम मॉरिसचं नाव हमखास पुढे केलं जातं. कापडाच्या नक्षीचा एवढा मोठा माणूस, टेक्स्टाइलच्या वर्गात कधी बसला नाही! खरं आहे. तो ऑक्सफर्डला शिकला, पण कापड नव्हे. १८७५ च्या सुमारास तो लीक गावी टॉमस वॉर्डलच्या रंगशाळेत गेला, हात कोपरापर्यंत निळीत बुडवले, आणि बाहेर पडल्यावरही वर्षानुवर्षं तो त्या निळीच्या मागे होता. त्याची १८८३ मधली पक्षी आणि स्ट्रॉबेरीची प्रसिद्ध नक्षी बघा. आधी सगळं कापड निळीत रंगवायचं, मग हवं तिथे ती नीळ उतरवायची आणि तिथे दुसरे रंग भरायचे. हे साधायला त्याचे किती प्रयत्न गेले असतील! पण हे प्रयत्न परवडले कसे? वडिलांनी डेव्हनच्या तांब्याच्या खाणीत गुंतवलेल्या पैशावर त्याचं तरुणपण उभं होतं. मॉरिस स्वतःच समाजवादी होता आणि ही विसंगती त्याला टोचत असे. पदवीशिवाय शिकता येतं याचा तो पुरावा आहे, हे मी मानते. ज्याच्या वडिलांची खाण नाही त्याने कुठे शिकावं, याचं उत्तर मात्र त्याच्या चरित्रात सापडत नाही. आणि घराण्यात चालत आलेली विद्या? ती घराण्यातल्यांना मिळते. विणकराच्या घरात जन्मलेल्या मुलाला जे पाळण्यात मिळतं, ते बाहेरच्या मुलीला कुणी शिकवायचं, आणि त्या मुलालाही स्वतःच्या घरच्या विणीपलीकडचं काही बघायचं असेल तर त्याने कुठे जायचं?

हे सगळं लिहिताना मला माझ्याच बाजूची लाज वाटावी अशा गोष्टीही ठाऊक आहेत. फी. खाणीच्या मालकाच्या मुलाला पर्याय म्हणून विद्यापीठ उभं करायचं आणि तिथे प्रवेशाला पुन्हा खाणच लागायची, तर माझा वरचा सगळा युक्तिवाद कोसळतो. याला माझ्याकडे चलाख उत्तर नाही. महाग पदवी ही वाईटच गोष्ट आहे, आणि त्याविरुद्ध भांडायला हवं. पण शाळा महाग झाली म्हणून शिकणंच निरर्थक ठरवणं म्हणजे दार अरुंद आहे म्हणून घर पाडण्यासारखं झालं.

दुसरी लाज 'कन्सेप्ट'ची. अधूनमधून मी ज्युरीला बसते. भिंतीवर तीन पानांचं निवेदन लावलेलं असतं. त्यात स्मृती असते, विस्थापन असतं, आजीची पेटी असते, आणि खाली दोन वितींचा नमुना, ज्याची किनार सरळ नाही. काठ असा का खेचला गेलाय, असं विचारलं की विद्यार्थी पुन्हा विस्थापनावर येतो. एकदा एका मुलाने अगदी निरागसपणे सांगितलं, "मॅडम, वीण माझी नाही, मी फक्त डिझाइन दिलं." हा 'फक्त' कुणी शिकवला त्याला?

नवीन नाहीच हा रोग. १८३५-३६ मध्ये ब्रिटनच्या संसदेची एक समिती बसली होती, कारण फ्रेंच नक्षी सगळीकडे खपते आणि आपली नाही, ही कारखानदारांची रड होती. त्यातून १८३७ मध्ये लंडनला सॉमरसेट हाउसमध्ये सरकारी डिझाइनशाळा सुरू झाली. पुढे तिचंच रॉयल कॉलेज ऑफ आर्ट झालं. सुरुवातीच्या काळात तिथे मुलांना अलंकरण गिरवायला बसवत. कारखानदार म्हणत, चित्रं सुरेख आहेत, पण मागावर चढत नाहीत. दहा-बारा वर्षांतच पुन्हा संसदेची समिती बसवून हे काय चाललंय ते विचारावं लागलं. ज्या फ्रान्सशी बरोबरी करायची होती, तिथे काय होतं? अठराव्या शतकातला ल्योंचा फिलिप द लासाल नक्षी तर काढायचाच, पण मागावरची दोऱ्यांची जोडणी सुटी करून बदलता येईल अशी सुधारणाही त्यानेच केली. म्हणजे नक्षीवाला आणि मागवाला एकच माणूस. लंडनच्या शाळेने नक्षी उचलली आणि माग ल्योंलाच राहू दिला. आज खर्च कमी करायचा म्हटला की पहिली नजर मागांकडे जाते. ते जागा खातात, त्यांना माणूस लागतो, ते आवाज करतात. त्यांच्या जागी पंचवीस संगणक मावतात. हे करणाऱ्या प्रशासकाला वाटतं, आपण काळाबरोबर चाललोय. प्रत्यक्षात तो १८३७ ला निघालेला असतो.

तिसरी गोष्ट भिंतीची. बऱ्याच ठिकाणी टेक्स्टाइल इंजिनिअरिंग एका इमारतीत आणि टेक्स्टाइल डिझाइन दुसऱ्या. पहिल्या इमारतीत सुताचा नंबर कळतो, रंग कळत नाही. दुसरीत रंग कळतो, पण चाळीस नंबरचं सूत साठ नंबरपेक्षा जाड की बारीक, विचारलं तर चेहरे कोरे. (कापसाच्या जुन्या मोजणीत नंबर वाढला की सूत बारीक होतं, टेक्स या दुसऱ्या मोजणीत नंबर वाढला की जाड. हा घोळ एकदा तरी प्रत्येकाने घातलेला असतो.) विद्यापीठात हा विषय असण्याचं समर्थन मी करते ते रसायन, यंत्र आणि डोळा एका छपराखाली येतात या भरवशावर. ते एका छपराखाली येत नसतील, तर विरोधकांशी भांडण्याआधी ती भिंत पाडावी लागेल.

'बाजाराला हवं ते शिकवा' या सल्ल्याबद्दल फार बोलत नाही. ब्रिटिश कापड-डिझायनर लुसिएन डे याच रॉयल कॉलेजमध्ये शिकली. १९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनसाठी तिने केलेलं कॅलिक्स नावाचं छापील कापड हील्स या दुकानाने काढलं, पण तिथल्या माणसाला ते खपेल असं वाटत नव्हतं, आणि त्याने तिला अर्धंच मानधन दिलं. ते खपलं, मिलानला सुवर्णपदक मिळालं, आणि पुढची कित्येक वर्षं त्याच्या नकला होत राहिल्या. बाजाराला काय हवंय हे बाजारालाही पुष्कळदा दाखवून द्यावं लागतं.

उलट बाजाराने कधीच न मागितलेली एक गोष्ट आज तातडीची आहे. कापूस आणि पॉलिएस्टर एका सुतात पिळले की पुढे ते वेगळे करणं जिकिरीचं होतं. त्यात कापड ताणलं जावं म्हणून थोडंसं इलास्टेन, म्हणजे रबरासारखा लवचिक तंतू, घातलं की जुनं कापड परत धागा होण्याची शक्यता आणखी घटते. हा निर्णय कचऱ्याच्या ढिगापाशी होत नाही. तो डिझाइनच्या टेबलावर, सूत निवडताना होतो, बहुतेक वेळा पाच मिनिटांत, हाताला मऊ लागतंय एवढ्याच कारणाने. त्या पाच मिनिटांत टेबलाशी बसलेल्या माणसाला तंतू कळत असावा, की नुसतं फूल काढता यावं?

मध्यंतरी ओळखीतल्या एका मुलीने विचारलं, दोन विद्यापीठांत प्रवेश मिळतोय, कुठे जाऊ? माहितीपत्रकं दोन्हीकडची गुळगुळीत, शब्द तेच. मी तिला म्हटलं, मागांच्या खोलीत जाऊन ये. माग किती आहेत ते मोजू नकोस, त्यांवर काय चढवलंय ते बघ. आणि जमलं तर कचऱ्याच्या डब्यातही डोकाव. चार दिवसांनी तिचा निरोप आला. पहिल्या ठिकाणी सहा माग, चकचकीत पुसलेले, पाहुण्यांना दाखवतात तसे, एकावरही ताणा नाही. दुसऱ्या ठिकाणी बारा माग, अकरांवर अर्धवट विणलेलं कापड. बाराव्याखाली एक सर पाठीवर झोपून काहीतरी पिळत होते, त्यांनी तिला न बघताच पाना मागितला. आणि डबा, तिने लिहिलं होतं, सुताने गच्च भरलेला होता.